शे-दोनशे नगांच्या प्रॉडक्टसाठी मायक्रोकंट्रोलर कसा निवडायचा: आठ बिट, एआरएम, ईएसपी की रिस्क-फाइव्ह

मायक्रोकंट्रोलर, म्हणजे उपकरण चालवणारी चिप, निवडायची म्हटली की डिप्लोमा नाहीतर इंजिनिअरिंग करून आलेली पोरं पहिला प्रश्न हाच विचारतात की सर, आता ८०५१ (कॉलेजात शिकवतात तो जुना आठ बिटचा) मध्ये काही राहिलंय का, की थेट एआरएम (नवा ३२ बिटचा) धरू, आणि स्वतःचं प्रॉडक्ट काढायला निघालेली मंडळीही नेमकी तिथंच महिनाभर अडकून बसतात, रोज नवीन व्हिडिओ बघतात आणि रोज मत बदलतं. मी सांगलीकडं शेतीच्या मोटरचे कंट्रोल पॅनेल बनवतो, वर्षाला दोन-अडीचशे नग जातात, म्हणजे मोठ्या कंपनीच्या हिशोबात आम्ही कुठंच नाही, आणि ह्या मापाच्या धंद्यात निवड कशी करायची हे मोठ्यांच्या लेखात सापडत नाही म्हणून हे लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे की इतक्या नगांना कोअर (चिपमधला गणित करणारा भाग) किती मेगाहर्ट्झचा आहे आणि चिप किती रुपयांना पडते ह्यानं फारसं काही बिघडत नाही. तुमचे किती दिवस त्यात जातात, पाच वर्षांनी तीच चिप मिळते का आणि विहिरीवरच्या पत्र्याच्या डब्यात ती टिकते का, ह्यावर सगळं ठरतं.

उदाहरण म्हणून आमचाच मोबाईल स्टार्टर घेऊ. तीन फेज मोटर, शेतकऱ्यानं घरातून फोन किंवा एसएमएस केला की चालू-बंद व्हायची, फेज गेली, व्होल्टेज पडलं, विहिरीतलं पाणी संपून मोटर कोरडी चालली तर आपोआप बंद व्हायची आणि तसा मेसेज यायचा. लाईट रात्रीच्या पाळीत असली की अंधारात बांधावरनं चालत जायचं, साप-विंचवाची भीती, ते वाचतं, म्हणून ह्या डब्याला मागणी आहे.

पायरी १: चिप बघायच्या आधी कागद घ्या

खरंच कागद घ्या, पेन घ्या, आणि प्रॉडक्टला जगाशी किती तारांनी बोलायचंय ते मोजा. आमच्या स्टार्टरचं असं निघालं: तीन व्होल्टेज आणि तीन करंट मोजायला ६ अॅनालॉग पिना, पाण्याच्या पातळीच्या २, बटणं ३, रिले ३ कारण स्टार-डेल्टाला एक जादा लागतो, १६ बाय २ च्या एलसीडीला ६, मोडेमला ३, बाहेरच्या मेमरी आणि घड्याळाला मिळून २. झाल्या २५. त्यात एक बझर, एक एलईडी आणि डिबगरच्या (कोड थांबवून तपासायच्या हत्याराच्या) २ धरल्या की २९. आता एटीमेगा३२८पी (अर्दुइनो उनोवरची एव्हीआर फॅमिलीतली आठ बिट चिप) मध्ये जास्तीत जास्त २३ पिना वापरायला मिळतात, म्हणजे अर्दुइनो उनोवर डेमो झकास चालला तरी प्रॉडक्ट त्याच चिपमध्ये बसणार नाही हे पाच मिनिटात कळलं, नाहीतर हेच तिसऱ्यांदा पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) बनवताना कळतं.

मोजून आलेल्या आकड्यावर वीसएक टक्के पिना जादा धरा. पहिला लॉट विकला की गिऱ्हाईक काहीतरी वाढवायला सांगतंच, आमच्याकडं ठिबकचा व्हॉल्व्ह जोडून द्या असं आलं.

त्याच कागदावर अजून चार गोष्टी लिहा: सप्लाय कुठला, डब्यात तापमान किती जाईल, आकडे कशाला साठवायचेत, आणि वर्षाला किती नग. तापमानाचं हलक्यात घेऊ नका, आमचे डबे चंद्रपूरकडंही जातात, तिथं मे महिन्यात सावलीत ४५ अंशाच्या वर जातं, मग उन्हात तापलेल्या पत्र्याच्या आत काय होत असेल ते तुम्हीच बघा. निदान ८५ अंशापर्यंतचा इंडस्ट्रियल ग्रेड घ्यायचा, आणि मोडेमचा, एलसीडीचा आकडाही बघायचा, बरेचदा चिपच्या आधी एलसीडीच काळा पडतो.

पायरी २: पैशाचा हिशोब, पण सगळ्या पैशाचा

समजा एक चिप ७० रुपयांना आणि दुसरी १५० ला. फरक ८० रुपये. वर्षाला २०० नग म्हणजे १६,००० रुपये. आता स्वस्त चिपचं डेव्हलपमेंट तुम्हाला नवीन आहे, तिची उदाहरणं कमी, डेटाशीट अर्धवट, आणि त्यात एक महिना जादा गेला. एका बऱ्या पोराचा महिन्याचा पगार ५०,००० धरा, तीन वर्षांची बचत तिथंच गेली. हेच १०,००० नग असते तर ८० रुपयांचे ८ लाख होतात आणि तेव्हा महिना काय, तीन महिने घालवणंही परवडतं. म्हणून मोठ्या कंपनीनं अमुक चिप वापरली म्हणून आपण वापरायची ह्याला अर्थ नाही, त्यांचं गणितच वेगळं आहे.

ह्यात फील्डची फेरी धरायला कुणीच बघत नाही. डबा बंद पडला की माणूस गाडी काढून साठ किलोमीटर जातो, त्याचा दिवस जातो, पेट्रोल जातं, आणि शेतकऱ्याचं पाणी चुकतं ते वेगळंच. एक फेरी हजार-दीड हजारात पडते, म्हणजे ८० रुपयाच्या फरकाच्या बारा ते अठरा चिपा एका फेरीत संपल्या.

पायरी ३: व्होल्टेज आणि नॉइज

ह्यावर जरा जास्त लिहितो, कारण टेबलावर चालणारी आणि फील्डवर मरणारी बोर्डं बहुतेक इथंच मरतात.

आमच्या एका जुन्या मॉडेलचं झालं असं की वर्कशॉपमध्ये आठ दिवस चालवलं, काही नाही. तासगावकडं एका द्राक्षबागेत बसवलं आणि तिसऱ्या दिवशी फोन आला, "दादा, मोटर बंद केली की डबा नव्यानं चालू होतोय बगा." जाऊन बघितलं तर खरंच, कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) सुटला की एलसीडीवर किडे आणि कंट्रोलर रिसेट. कॉन्टॅक्टरची कॉइल ४१५ व्होल्टची, ती सुटताना मोठा झटका मारते, आणि आमच्या एव्हीआरच्या रिसेट पिनला फक्त आतला पुल-अप (पिन सप्लायकडं ओढून धरणारा रेझिस्टर) होता, तो ३० ते ६० किलोओहमचा असतो, म्हणजे कमजोर, वर ट्रेस चार इंच लांब नेलेला, तो अँटेनासारखा झटका पकडत होता. रिसेटला १० किलोओहमचा बाहेरचा पुल-अप आणि चिपच्या अगदी पायाशी १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर लावला, कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरॅडचा स्नबर (झटका शोषणारी जोडी) टाकला, आणि ते थांबलं. चिप बदलायची काही गरज नव्हती, पण बरेच जण अशा वेळी "एव्हीआर बेकार, एआरएम घ्या" म्हणून मोकळे होतात आणि नव्या चिपवरही तेच भोगतात.

तरी आर्किटेक्चर निवडताना व्होल्टेजचा विचार करावाच लागतो. पिक, एव्हीआर, ८०५१ ह्या जुन्या आठ बिट फॅमिल्या ५ व्होल्टवर चालतात, ५ व्होल्टला लॉजिकचा उंबरठा वर असतो म्हणून तेवढाच नॉइज आला तरी चुकीचं वाचायची शक्यता कमी, आणि रिले ड्रायव्हर, एलसीडी, सेन्सर सगळं सरळ जोडता येतं. बहुतेक कॉर्टेक्स-एम (एआरएमचे मायक्रोकंट्रोलरसाठीचे कोअर) ३.३ व्होल्टचे, त्यातल्याच एसटी कंपनीच्या एसटीएम३२ ची वरची मर्यादा ३.६ व्होल्ट. त्यांच्या बऱ्याच पिना ५ व्होल्ट सहन करतात पण सगळ्या नाही, अॅनालॉग मोडमध्ये तर नाहीच, ते डेटाशीटच्या पिनांच्या तक्त्यात एकेक करून बघायचं. आणि एआरएम म्हणजे ३.३ च असंही नाही, एनएक्सपीची किनेटिस ई मालिका, मायक्रोचिपची सॅम सी२१, इन्फिनिऑनचा पीसॉक ४ हे एआरएम कोअर असून ५ व्होल्टवर चालतात, मोटर आणि घरगुती उपकरणांसाठीच ते काढलेत, आपल्याकडं त्यांचं नाव फार कुणी घेत नाही एवढंच.

आता मोडेमचं बघा, नवीन फोरजी मोडेम बरेचसे १.८ व्होल्ट लॉजिकचे असतात, म्हणजे तुमची चिप ५ ची असो की ३.३ ची, मध्ये लेव्हल शिफ्टर लागणारच. आणि जुना टूजी मोडेम सिग्नल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो, तेव्हा सप्लाय बसला की ब्राउनआउट, म्हणजे व्होल्टेज अपुरं पडून चिप गडबडते. चिपमध्ये ब्राउनआउट डिटेक्टर आहे का आणि कुठल्या व्होल्टला तो रिसेट देतो हे बघून तो चालूच ठेवायचा. वॉचडॉगही (कोड अडकला की चिप रिसेट करणारा टायमर) स्वतःच्या वेगळ्या ऑसिलेटरवर चालणारा पाहिजे, मुख्य क्लॉकच बंद पडला तर तोच वाचवतो.

पायरी ४: कोअर नव्हे, आजूबाजूचं सामान मोजा

"तीन फेजचं मोजमाप आठ बिटला झेपत नाही" असं ठोकून देतात लोक. गणित करून बघू. ५० हर्ट्झची एक सायकल २० मिलिसेकंदाची, एका सायकलीत ३२ सॅम्पल, चॅनेल ६, म्हणजे सेकंदाला ३२ गुणिले ६ गुणिले ५० बरोबर ९,६०० सॅम्पल. १६ मेगाहर्ट्झच्या एव्हीआरला प्रत्येक सॅम्पलमागं १,६६६ क्लॉक मिळतात, वर्ग करून बेरजेत टाकायला ते भरपूर झाले, कोअर मजेत आहे. पण त्याच एटीमेगाचा एडीसी (अॅनालॉग व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) पूर्ण १० बिट अचूकतेसाठी २०० किलोहर्ट्झच्या आतच चालवायचा असतो, १६ मेगाहर्ट्झवरून भागून १२५ किलोहर्ट्झ मिळतो, एका सॅम्पलला १३ क्लॉक, म्हणजे सेकंदाला ९,६१५. एडीसीला श्वास घ्यायला जागा नाही. अडलं ते एडीसीपाशी. एसटीएम३२जी० सारख्या कॉर्टेक्स-एम०प्लसमध्ये एडीसी सेकंदाला वीस लाखांच्या वर सॅम्पल घेतो आणि डीएमए ते परस्पर रॅममध्ये नेऊन टाकतो, कोअरला पत्ताही लागत नाही.

म्हणून एडीसी किती वेगाचा, डीएमए आहे का, यूएआरटी म्हणजे सिरियल पोर्ट किती (मोडेमला एक, डिबगला एक, आरएस-४८५ असेल तर अजून एक), टायमर किती, हे कोअरच्या नावाआधी बघायचं. आतल्या ऑसिलेटरचंही बघा, यूएआरटीला साधारण दोन टक्क्यांच्या आत अचूकता लागते आणि एटीमेगा३२८पी चा आतला ८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर फॅक्टरीतून १० टक्क्यांपर्यंत चुकलेला असू शकतो, तिथं क्रिस्टल लावाच.

पायरी ५: रॅम कुठं जाते ते बघा

गिऱ्हाइकाला मेसेज मराठीत पाहिजे. "मोटर चालू झाली" हे मोडेमला युनिकोडमध्ये द्यायचं, प्रत्येक अक्षर, मात्रा, मोकळी जागा ह्याला दोन बाइट आणि पाठवताना हेक्समध्ये चार कॅरॅक्टर. मोजा: मोटर चालू झाली, मात्रा आणि जागा धरून १४, म्हणजे मोडेमला ५६ कॅरॅक्टर पाठवायचे. एका मराठी एसएमएसमध्ये असे ७० च बसतात, इंग्रजीत १६०. आमचे असे चाळीसेक मेसेज, सरासरी २५ धरले तर ४० गुणिले २५ गुणिले २, म्हणजे २,००० बाइट.

आता इथं आर्किटेक्चर खऱ्या अर्थानं मध्ये येतं. एटीमेगा३२८पी ची रॅम २,०४८ बाइट. एव्हीआरमध्ये प्रोग्रॅमची मेमरी आणि डेटाची मेमरी वेगळ्या, त्यामुळं तुम्ही सी भाषेत साधं कॉन्स्ट (न बदलणारा डेटा) लिहून ठेवलेले मेसेज सुरुवातीला रॅममध्ये कॉपी होतात, म्हणजे फक्त मेसेजनीच रॅम संपली, आणि बोर्ड कधी चालतं कधी नाही असं विचित्र वागायला लागतं. उपाय आहे, प्रोगमेम लावून ते फ्लॅशमध्येच (प्रोग्रॅमच्या मेमरीत) ठेवायचे आणि वेगळ्या फंक्शननं वाचायचे, पण ते प्रत्येक ठिकाणी आठवणीनं करावं लागतं. कॉर्टेक्स-एममध्ये सगळी मेमरी एकाच पत्त्याच्या रांगेत असल्यामुळं कॉन्स्ट आपोआप फ्लॅशमध्येच राहतं आणि साध्या पॉइंटरनं वाचता येतं. पिक१६ मध्ये ह्याहून जास्त कसरत, रॅम बँकांमध्ये तुटलेली, १६एफ८७७ए मध्ये एकूण ३६८ बाइटच. नवीन टायनी एव्हीआरमध्ये फ्लॅश डेटाच्या पत्त्यांत दिसतो म्हणून तिथं हा त्रास गेलाय.

आमचा नियम असा की पहिल्या व्हर्जनचा कोड बसल्यावर फ्लॅश आणि रॅम दोन्ही अर्धी रिकामी पाहिजे. नसेल तर त्याच फॅमिलीतली मोठी चिप.

पायरी ६: साठवायचे आकडे

मोटर किती तास चालली हे साठवायचं असतं. एव्हीआरच्या ईईप्रॉमला (लाईट गेली तरी आकडे टिकवणारी मेमरी) १,००,००० वेळा लिहिता येतं. दर मिनिटाला एकाच जागी लिहिलं तर दिवसाला १,४४० वेळा, म्हणजे ६९ दिवसात ती जागा खलास. अडीच महिने सुद्धा नाही. दर दहा मिनिटांनी लिहा आणि ५० जागा आळीपाळीनं वापरा, तेच गणित ९५ वर्षांवर जातं.

एसटीएम३२ च्या बहुतेक चिपांत ईईप्रॉम नसतंच, फ्लॅशच्या पानावर लिहायचं, आणि त्यात अजून एक खाच आहे. एफ१०३ सारख्या चिपमध्ये पान पुसताना २० ते ४० मिलिसेकंद जातात आणि त्या वेळात फ्लॅशमधला कोड थांबतो, म्हणजे ५० हर्ट्झच्या एक-दोन सायकली मोजायच्या राहिल्या, नेमकी तेव्हाच फेज गेली तर? बाहेर दहा-वीस रुपयांची २४सी मालिकेची ईईप्रॉम लावायची, दहा लाख वेळा लिहिता येतं, आणि विषय संपला. सारखंच लिहायचं असेल तर टीआयच्या एमएसपी४३० चे एफआर मॉडेल बघा, त्यात एफरॅम असते, ती लिहून झिजत नाही असंच धरून चाला.

पायरी ७: आता फॅमिल्या

इथवर आलात की निवड अर्धी झालेलीच असते.

८०५१. इंटेलनं १९८० ला काढला, आपल्या कॉलेजांनी आजवर जपला, शिकायला चांगला, कारण रजिस्टर, पोर्ट, इंटरप्ट सगळं डोळ्यासमोर दिसतं. नव्या प्रॉडक्टला मात्र घेऊ नका, कायल कंपनीच्या फुकटच्या सी५१ कंपायलरला २ केबी कोडची मर्यादा आहे, आणि साध्या एटी८९एस५२ मध्ये एडीसी पण नाही. जुनं मॉडेल चालू असेल तर चालू द्या, उगाच हात लावू नका.

पिक आणि एव्हीआर. दोन्ही आता मायक्रोचिपकडंच, २०१६ ला त्यांनी अॅटमेल घेतली. टायमर, बॅटरी चार्जर, साधा लेव्हल कंट्रोलर, सिंगल फेज स्टार्टर ह्यासाठी मी आजही हेच सांगेन. ५ व्होल्ट, आत ईईप्रॉम, पाचशे पानांची डेटाशीट पण एका माणसाला डोक्यात मावते. मायक्रोचिपचं धोरण असं की गिऱ्हाईक घेतंय तोवर चिप सहसा बंद करत नाहीत, आणि छोट्या उत्पादकाला ही फार मोठी गोष्ट आहे. नवीन सुरू करत असाल तर जुना ३२८पी सोडून एव्हीआर१२८डीए कडं बघा, १२८ केबी फ्लॅश, १६ केबी रॅम, ५.५ व्होल्टपर्यंत चालतो आणि २८ पिनांच्या डिपमध्ये (पाय भोकांत घालून लावायच्या पॅकेजमध्ये) पण मिळतो.

कॉर्टेक्स-एम. एम०प्लस छोट्या कामाला, एम३ मध्ये भागाकार हार्डवेअरमध्ये, एम४एफ मध्ये फ्लोटिंग पॉइंट. एम० वर चार बाइटचा आकडा विषम पत्त्यावरून वाचायला गेलात तर हार्डफॉल्ट येतो, म्हणजे प्रोग्रॅम तिथंच अडकतो, एम३ वर तोच कोड चालतो, मोडबसचं (यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या पद्धतीचं) पॅकेट सरळ स्ट्रक्चरवर बसवणारे इथं हमखास सापडतात. सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे "सगळे एआरएम सारखेच, कधीही बदलता येईल". कोअर सारखा असतो, कंपायलर, डिबगर सारखे चालतात, पण टायमर, एडीसी, यूएआरटी प्रत्येक कंपनीचे स्वतःचे, एका कंपनीचा ड्रायव्हर दुसरीकडं एक ओळही चालत नाही. म्हणून आर्किटेक्चर निवडलं असं म्हणताना खरं तर तुम्ही एका कंपनीची एक फॅमिली निवडत असता.

ईएसपी३२. वायफाय पाहिजे तर डोळे झाकून हाच. विहिरीवर वायफाय नाही म्हणून आमच्या कामाचा नाही, पण कोल्ड स्टोरेज, सोसायटीची टाकी, दुकानातला डिस्प्ले ह्याला मस्त. सप्लाय ५०० मिलिअँपिअर देणारा ठेवा. मूळ ईएसपी३२ मध्ये वायफाय चालू असताना एडीसी२ वापरता येत नाही आणि एडीसी सरळ रेषेत वाचत नाही, तेव्हा मोजमाप महत्त्वाचं असेल तर बाहेर एडीसी चिप लावा. नुसती चिप घेऊन स्वतः अँटेना काढू नका, तयार मॉड्यूल घ्या. वायरलेस प्रॉडक्टला आपल्याकडं दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मंजुरी लागते आणि टेस्ट रिपोर्ट असलेल्या मॉड्यूलनं ते काम बरंच हलकं होतं.

आरपी२०४०. रास्पबेरी पायचा, २०२१ चा, दोन एम०प्लस कोअर, २६४ केबी रॅम, स्वस्त, डॉक्युमेंट वाचनीय, आणि रास्पबेरी पायनं निदान जानेवारी २०४१ पर्यंत बनवू असं सांगितलंय. पण फ्लॅश बाहेरची आणि कोड लपवायची काहीच सोय नाही, ज्याला कॉपी करायचंय तो फ्लॅश काढून वाचतो. तुमची खरी कमाई फर्मवेअरमध्ये असेल तर विचार करा.

रिस्क-फाइव्ह. इन्स्ट्रक्शन सेट (चिपला कळणाऱ्या आज्ञांची यादी) खुला आहे, रॉयल्टी नाही, त्याचा फायदा चिप बनवणाऱ्याला, तुमच्या-माझ्यापर्यंत तो फक्त किमतीतून येतो. डब्ल्यूसीएच कंपनीचा सीएच३२व्ही००३ हा काही रुपयांचा, ४८ मेगाहर्ट्झ, १६ केबी फ्लॅश, २ केबी रॅम, ५ व्होल्टवरही चालतो, एलईडी, साधा सेन्सर, खेळणी ह्याला छान, पण त्यात गुणाकाराची इन्स्ट्रक्शन नाही आणि त्याला त्याच कंपनीचा डिबगर लागतो. आपल्या सी-डॅकनं वेगा प्रोसेसर केलाय, त्यावरची थेजस३२ चिप एरीज बोर्डवर मिळते, आयआयटी मद्रासचा शक्ती आहे, हे बघून मनापासून आनंद होतो आणि कॉलेजांनी हे बोर्ड जरूर घ्यावेत. प्रॉडक्टला मात्र सुटी चिप रिळात, दोन-तीन दुकानांत मिळायला लागली की घ्या.

बॅटरीवर चालणारं काही असेल तर एकच सांगतो. चिप झोपेत २ मायक्रोअँपिअर घेते म्हणून खूश होता आणि शेजारी १११७ जातीचा रेग्युलेटर बसवता, जो काही न करता ५ मिलिअँपिअर खातो. २,००० एमएएच ची बॅटरी ४०० तासात, म्हणजे सतरा दिवसात संपली. चिपच्या आधी रेग्युलेटर निवडा.

पायरी ८: हत्यारं, सोल्डरिंग, कुलूप

कंपायलर फुकट आहे का, त्याची मर्यादा किती, हे आधी बघा. कायलच्या एआरएमच्या फुकट लाइट आवृत्तीला ३२ केबीची मर्यादा आहे, जीसीसीला कसलीच नाही. डिबगरनं कोड थांबवून व्हेरिएबल बघता आलंच पाहिजे, नुसत्या प्रिंटवर प्रॉडक्ट काढायचे दिवस गेले.

पॅकेज तुमच्या माणसाच्या हाताला झेपेल असं घ्या. ०.६५ किंवा ०.५ मिलिमीटरचे पाय बाहेर असलेली चिप आमच्या ताई भिंग लावून सोल्डरिंग आयर्ननं व्यवस्थित लावतात आणि चुकलं तर दिसतं. क्यूएफएनला (बाहेर पाय नसलेल्या पॅकेजला) खाली पॅड असतो, स्टेन्सिल आणि हॉट एअर लागतं, दुरुस्तीला त्रास. बीजीए (पायांऐवजी खाली गोळ्या असलेलं) नकोच.

बोर्डवर प्रोग्रॅमिंगसाठी चार-पाच पॅड सोडा आणि स्प्रिंगच्या पिनांचा एक जिग बनवून घ्या, एसडब्ल्यूडीला (एआरएमच्या प्रोग्रॅमिंगच्या जोडणीला) दोन तारा, ग्राउंड आणि सप्लाय एवढंच लागतं. दोनशे नगांना कनेक्टर लावत बसलात तर त्यातच आठवडा जातो. आणि माल बाहेर पडायच्या आधी रीड प्रोटेक्शन लावायचं, एव्हीआरमध्ये लॉक बिट, एसटीएम३२ मध्ये आरडीपी, ईएसपी३२ मध्ये फ्लॅश एन्क्रिप्शन. एसटीएम३२ ची आरडीपी पातळी २ लावली की परत उघडत नाही, तुम्हालाही नाही, तेव्हा पातळी १ वर थांबा.

पायरी ९: माल मिळतोय का

२०२१ मध्ये सगळीकडं चिपांचा दुष्काळ होता. आमच्या एका बोर्डवर त्यावेळची सगळ्यात लोकप्रिय अशी ३२ बिट चिप होती, अधिकृत वितरकाकडं तारीख एक वर्षानंतरची, म्हणून एका व्यापाऱ्याकडून चौपट भावानं शंभर नग घेतले. वरची छपाई हुबेहूब. प्रोग्रॅम गेला, एलसीडी लागला, सगळे खूश. मग करंटचे आकडे चार-पाच टक्के इकडं तिकडं दिसायला लागले, डिबगरनं आयडी वाचला तर तो मूळ चिपचा नव्हताच, आत दुसरीच नकल होती. साठ बोर्डं लागून गेली होती. प्रत्येक बोर्ड वेगळं कॅलिब्रेट करून दिलं, दोन आठवडे गेले. तेव्हापासून बाजारातून आलेल्या प्रत्येक लॉटमधल्या पाच चिपांचा आयडी वाचल्याशिवाय लॉट आत घेत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीतनं, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरनं सॅम्पल आणायला, अडीनडीला चार नग घ्यायला काहीच हरकत नाही, मीही जातो, पण प्रॉडक्शनची मुख्य चिप अधिकृत वितरकाकडूनच, बिलासकट.

निवडायच्या आधी कंपनीच्या साइटवर चिपचं स्टेटस बघा, नवीन डिझाइनसाठी शिफारस नाही असं लिहिलं असेल तर सोडून द्या, कितीही स्वस्त असो. एसटी, एनएक्सपी ह्यांची दहा-पंधरा वर्षं पुरवठ्याची यादी असते, त्यात तुमचा पार्ट नंबर शोधा. निदान तीन वितरकांकडं स्टॉक दिसला पाहिजे. त्याच फुटप्रिंटवर (बोर्डवरच्या पिनांच्या जागेवर) कमी-जास्त मेमरीची दुसरी चिप बसते का बघा, दुष्काळात ज्यांनी ६४ केबीच्या जागी १२८ केबीची बसवली त्यांचं काम थांबलं नाही. आणि इराटा (चिपमधल्या चुकांची कंपनीनं दिलेली यादी) वाचा, त्यात तुमचा आय२सी किंवा एडीसी आहे का तेवढं बघायचं.

पायरी १०: दोन आठवड्यांची परीक्षा

दोन उमेदवार ठरले की त्यांचे बोर्ड आणा आणि पूर्ण प्रॉडक्ट न करता फक्त तीन अवघड कामं करून बघा. आमच्याकडं ती अशी होती: सहा चॅनेलचं मोजमाप, मोडेमला मराठी मेसेज, आणि लाईट जाताना तास साठवणं. पंधरा दिवसात कुठल्या चिपवर काम पुढं सरकलं आणि कुठं नुसती सेटिंग करण्यात वेळ गेला हे आपोआप दिसतं. मग शेजारी खरा कॉन्टॅक्टर ठेवा, टायमरवर दर पाच सेकंदाला चालू-बंद, रात्रभर, आणि सकाळी रिसेटचा काउंटर वाचा. शून्य पाहिजे. एक सुद्धा आला तर कारण सापडल्याशिवाय पुढं जायचं नाही.

कोड लिहिताना चिपला हात लावणारा भाग एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा: रिले चालू कर, व्होल्टेज वाच, मेसेज पाठव, अशी पंधरा-वीस फंक्शन. मोटर कधी बंद करायची ते ठरवणाऱ्या कोडमध्ये रजिस्टरचं नाव दिसता कामा नये. उद्या चिप बदलायची वेळ आलीच तर ही एक फाइल बदलायची.

आमच्या मोबाईल स्टार्टरला शेवटी ४८ पिनांचा कॉर्टेक्स-एम०प्लस घेतला, ६४ केबीचा, त्याच जागी १२८ केबीचाही बसतो, बाहेर २४सी६४ ईईप्रॉम, रिलेला यूएलएन२००३ ड्रायव्हर. बिगर मोबाईलच्या साध्या स्टार्टरला अजून एव्हीआरच आहे, ५ व्होल्टवर, आणि तो बदलायचा काही विचार नाही. दोन्ही चिपांचे दीड वर्ष पुरतील एवढे नग कपाटात मूळ सीलबंद पाकिटात ठेवलेत, पाकिटावर खरेदीची तारीख आणि लॉट नंबर मार्करनं लिहून.